वेण्णा तलाव ते चवदार तळे

आम्ही चौघे मित्र. एक बँकेत शिपाई, एक एस.टी.त वाहक, एक शाळामास्तर आणि मी कारकून. वीस वर्षे एकत्र प्रवास केला, पण तो मोर्चाला, चैत्यभूमीला, नागपूरच्या दीक्षाभूमीला. नुसते डोंगर-पाणी पाहायला कधी घराबाहेर पडलो नव्हतो. गेल्या नोव्हेंबरात मास्तरच्या मेहुण्याची गाडी मिळाली आणि बेत ठरला. पुण्याहून वाई, पाचगणी, महाबळेश्वर आणि मग आंबेनळी घाटाने खाली महाड. खर्च चौघांत वाटून घेतला. निघताना सौ. म्हणाली, "जन्मभर समाजाचं केलंत, दोन दिवस स्वतःसाठी जा. पण पुढच्या वेळी आम्हालाही न्या." शेवटच्या वाक्याने मी वरमलो.

खंबाटकी घाट ओलांडून सुरूर फाट्याला वाईकडे वळलो. पसरणी घाटात गाडी चढू लागली तसे खालचे खोरे दिसू लागले. कृष्णाकाठचे वाई, हिरवी शेते, लांबवर धोम धरणाचे पाणी. वाहक मित्र म्हणाला, "नोकरीत किती घाट चढलो-उतरलो, पण नजर तिकिटांवर. खिडकीबाहेर आज बघतोय."

महाबळेश्वरला वेण्णा तलावात नावेतून फिरलो. हा तलाव १८४२ साली सातारच्या छत्रपतींनी बांधवला. चारी बाजूंनी झाडी, पाण्यावर गार वारा. शिपाई मित्र लहान मुलासारखा पाण्यात हात घालून बसला होता. मी म्हणालो, "इथं पैसे दिले की नाव मिळते, आडनाव कुणी विचारत नाही." सगळे हसले.

ते हसू संध्याकाळपर्यंतच टिकले. मुक्कामाच्या ठिकाणी मालकाने ओळखपत्रे पाहिली आणि सहज विचारले, "या आडनावाचे म्हणजे तुम्ही कोण?" मास्तरने पटकन दुसऱ्याच जातीचे नाव सांगितले. आम्ही तिघांनी ऐकले आणि गप्प बसलो. वाचकहो, विहारात तरुणांपुढे स्वाभिमानावर तास तास बोलणारा मीही गप्प बसलो. रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी आंबेनळी घाट उतरताना कोणी फारसे बोलत नव्हते. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल दरी. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी सावित्री नदी पोलादपूरवरून महाडला जाते. आम्हीही त्याच वाटेने महाडला पोचलो.

चवदार तळे आता भर वस्तीत आहे. १९२३ साली बोले ठराव झाला आणि १९२४ साली महाड नगरपालिकेने हे तळे अस्पृश्यांना खुले केले, पण ते कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि हजारो लोकांनी इथे ओंजळभर पाणी घेतले, आणि त्यासाठी आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतली. नंतर तळ्याचे शुद्धीकरण केले गेले. खटला चालला आणि उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले.

पुतळ्याला वंदन करून आम्ही पाण्याजवळ बसलो. बऱ्याच वेळाने मास्तर म्हणाला, "काल खोली मिळणार नाही अशी भीती नव्हती रे. सवय होती. मी लहान असताना शहरात खोली शोधताना वडील असंच सांगायचे. मी बाजूला उभा राहून ऐकायचो." मी म्हणालो, "तू बोललास, आम्ही गप्प राहिलो. चूक चौघांची आहे."

परतीची वाट त्याच घाटाने होती. महाबळेश्वरला मास्तरने गाडी थांबवायला सांगितली. चौघेही आत गेलो. तो मालकाला म्हणाला, "काल मी खोटं सांगितलं. आम्ही बौद्ध आहोत. जयभीम." मालकाने आमच्याकडे पाहिले, "बरं, बरं" म्हणाला आणि पुन्हा वहीत डोके घातले. एवढेच झाले. पण गाडीत बसल्यावर मास्तरने खिडकीची काच खाली केली आणि पाचगणी येईपर्यंत गाणी म्हणत होता.

आता उन्हाळ्याच्या सुट्टीत चारही कुटुंबे त्याच वाटेने जाणार आहोत. पोरांना वेण्णा तलावातली नाव दाखवायची आहे आणि चवदार तळेही. बंधू-भगिनींनो, चार पैसे साठवा आणि तुम्हीही फिरायला जा. डोंगर आणि पाणी आपलेही आहे. मात्र कोणी नाव विचारले तर मुलांदेखत ते पूर्ण सांगा. बाजूला उभी असलेली मुले ऐकत असतात.