जुनी साडी, ताजी तक्रार

मैत्रिणींनो, बोहारणीला साड्या देऊन पातेलं घेतलं की व्यवहार दारातच मिटतो. मोबाईलवर विकलेल्या साडीचं तसं नाही! प्रभादेवीहून नाशिकला पाठवलेल्या माझ्या साडीबद्दल निरोप आला, ‘काठाची जर काळवंडलीय, लेकीला डोहाळजेवणाला कशी नेसवू?’

राग आलाच. खऱ्या जरीत चांदी असते, ती हवेनं काळवंडते. फोटोखाली मी तसं लिहिलंही होतं. पण बाईनं पै-पै जोडूनच घेतली असणार ना! साडी परत मागवली, हाती येताच पैसे पाठवले.

तुम्हीही तक्रार आली की आधी फोटो मागवा, आपल्या फोटोशी ताडून बघा, मगच बोला. पैसे मात्र स्वतःच पाठवा. कुणी धाडलेल्या लिंकवर बोट लावू नका हं!