कंसातले नाव

वर्तमानपत्रात 'बेपत्ता' हा शब्द आपण इतक्या वेळा वाचतो की त्याच्यापाशी थांबावे असे कुणाला वाटत नाही. शब्द तसा सरळ आहे. ज्याचा पत्ता नाही तो बेपत्ता. पण तो वारलेल्याहून किती वेगळा, हे ज्या घरातला माणूस असा गेला त्याच घराला कळते. वारलेल्या माणसाला एक तिथी असते. त्या तिथीला पान वाढता येते, कावळ्याची वाट पाहता येते, वर्षातून एकदा रडून मोकळे होता येते. बेपत्ता माणसाला तिथी नसते. त्याचे घर बारा महिने दाराकडे कान लावून बसते.

आमच्या घरात असा एक माणूस आहे. 'आहे' म्हणावे की 'होता' म्हणावे, तेच मला या लेखात सांगायचे आहे.

तो माझ्या आजीचा थोरला भाऊ. आजी त्याला दादा म्हणते म्हणून आम्हीही दादाच म्हणतो. आजीचे माहेर खालापूर तालुक्यात, पाताळगंगेच्या काठी. सासर, म्हणजे आमचे घर, कर्जतजवळ. १९४२ साली दादा मराठा पलटणीत भरती झाला, तेव्हा आजी आठ वर्षांची होती. बेळगावला जाण्यासाठी तो कर्जत स्टेशनवर गाडीत बसला. त्या दिवसाचे आजीला दोनच गोष्टी आठवतात : दादाच्या पायातल्या नव्या वहाणा, आणि घाट चढण्यासाठी गाडीला मागून जोडलेले इंजिन. "म्होरनं एक ओढी नि मागनं एक ढकली, मंग गाडी थांबंल कशी?" असे ती अजून म्हणते.

मार्च १९४४ मध्ये जपानी फौजा इंफाळ-कोहिमावर चालून आल्या. त्यांच्या वाटेवर सांगशाक नावाच्या डोंगरी गावात इकडची थोडी फौज उभी राहिली. तीत मराठ्यांची चौथी पलटण होती. पाच-सहा दिवस झुंज झाली. २६ मार्चच्या रात्री तेथून निघण्याचा हुकूम झाला आणि उरलेले जवान अंधारात, रानातून, वाट फुटेल तसे बाहेर पडले. दादा याच पलटणीत होता असे घरात सांगतात.

घरी प्रथम कागद आला तो 'बेपत्ता' म्हणून. लढाई संपल्यावर दुसरा आला : तो मरण पावला असे समजण्यात येत आहे. पोस्टमनने तो ओटीवर बसून वाचून दाखवला. माझी पणजी एक अक्षर शिकलेली नव्हती, पण शब्द तिने नेमका पकडला. ती म्हणाली, "समजण्यात येतंय म्हंजे त्यांनी बी पायला नाय." पेन्शनच्या कागदावर पणजोबांनी अंगठा उठवला; पणजीने त्या पैशाला अखेरपर्यंत हात लावला नाही. ते दोन्ही कागद २६ जुलै २००५ च्या पुरात ओल्या लगद्यासारखे झाले. आता दादाविषयी कागदोपत्री काही उरले असेल तर ते फक्त शेताच्या सातबाऱ्यावर. पण त्याकडे पुढे येते.

दुसऱ्या वर्षाला असताना इंग्रजीच्या तासाला सरांनी रुडयार्ड किपलिंगविषयी सांगितले. हा लेखक १८६५ साली आपल्या मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मला; वडील तेथे शिक्षक होते. साम्राज्याचा अभिमान गाणारा म्हणून त्याच्याविषयी मला फारशी आपुलकी नव्हती. पण सरांनी त्याच्या मुलाची गोष्ट सांगितली आणि मी वहीत लिहायची थांबले.

मुलाचे नाव जॉन. दृष्टी इतकी अधू की सैन्यात घेईनात. बापाने आपली ओळख खर्च केली आणि आयरिश गार्ड्समध्ये त्याला अधिकारी म्हणून घेतले. २७ सप्टेंबर १९१५ रोजी फ्रान्समध्ये लूसच्या लढाईत तो दिसेनासा झाला. वय अठरा वर्षे आणि सहा आठवडे. किपलिंग पतिपत्नी त्यानंतर कित्येक वर्षे इस्पितळांतून, परतलेल्या जवानांच्या खाटांपाशी विचारत फिरली : तुम्ही आमच्या जॉनला पाहिलेत का? नोबेल पारितोषिक मिळालेला, सेनापतींच्या घरी ऊठबस असलेला बाप. पण त्यालाही कोणी नक्की काही सांगू शकले नाही. पुढे मृत सैनिकांच्या कबरींची व्यवस्था पाहणाऱ्या साम्राज्याच्या आयोगाचे काम त्याने हाती घेतले. ज्यांची ओळख पटली नाही अशा सैनिकांच्या शिळेवर काय कोरावे, ते शब्दही त्यानेच सुचवले. १९३६ साली तो वारला तोवर मुलाची कबर सापडलेली नव्हती. १९९२ मध्ये त्या आयोगाने एक अनामिक कबर जॉनची म्हणून ठरवली, तर ती त्याचीच का, यावर अभ्यासकांत वाद झाला.

हे ऐकताना मला खालापूरची पणजी आठवली. एकीकडे जगभर वाचला जाणारा लेखक, दुसरीकडे भात लावणारी, अंगठा उठवणारी बाई. एक राज्य करणाऱ्यांतला, दुसरी राज्याखालची. बाकी कशातही त्यांची तुलना व्हायची नाही. पण मुलगा बेपत्ता झाल्यावर दोघेही एकाच पायरीवर येऊन बसले. आणि योगायोग पाहा, त्याच आयोगाने रंगूनजवळ तौक्यान येथे एक स्मारक उभारले आहे. ब्रह्मदेशच्या मोहिमेत मेलेल्या आणि कबर न सापडलेल्या सुमारे २७ हजार जणांची नावे तेथे कोरली आहेत, गोऱ्यांचीही, आपल्यांचीही. यादीत मी दादाचे नाव शोधले. त्या नावाचे एकाहून अधिक निघाले. त्यांतला आमचा कोणता, हे सांगणारे आता कोणी नाही.

माणूस दिसेनासा झाला की आशा सुटत नाही. आणि आशेला कोणी ना कोणी गिऱ्हाईक भेटतेच. याचा सर्वांत मोठा दाखला आपल्याच डोंगरात आहे. कर्जतजवळच्या कोंडिवड्याहून चढून आपल्यापैकी पुष्कळजण राजमाचीला गेले असतील. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ गर्दीत दिसेनासे झाले, तेव्हा ते अवघे तीस वर्षांचे होते. रणांगणावर सापडलेल्या एका धडाला भाऊंचे म्हणून अग्नीही देण्यात आला. पण पुण्यात पार्वतीबाईंनी ते मानले नाही; त्यांनी कुंकू पुसले नाही. ही गोष्ट साऱ्या मुलखाला ठाऊक होती, आणि साऱ्या मुलखालाच भाऊ परत यायला हवे होते. मग एक भाऊ आलाही! सुखलाल नावाचा उत्तरेकडचा माणूस. रत्नागिरीस कैदेत होता, १७७६ मध्ये तेथल्याच मामलेदाराने त्याला सोडवून डोक्यावर घेतले. कोकणातले किल्ले एकामागून एक त्याच्याकडे आले आणि तो थेट बोरघाट-राजमाचीपर्यंत येऊन भिडला. शेवटी त्याचा मोड झाला, आंग्र्यांनी त्याला धरले आणि त्याच वर्षाअखेर पुण्यात त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांनी त्याच्यावर 'तोतयाचे बंड' हे नाटकच लिहिले.

शाळेत हा धडा शिकताना आम्ही हसलो होतो. इतके लोक फसले कसे? आता मला हसू येत नाही. तोतया हुशार होता म्हणून लोक फसले असे मला वाटत नाही. पंधरा वर्षे उघडे ठेवलेले दार कोणीतरी वाजवले, आणि लोक उठले, इतकेच.

आमच्या पणजीच्या दारातही असा एक छोटा तोतया येऊन गेला. देश स्वतंत्र झाल्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. एक फिरस्ता आला आणि म्हणाला, तुमच्या पोराला मी रंगूनला पाहिला, दुकान टाकलेय त्याने. पणजीने त्याला जेवू घातले, पायलीभर तांदूळ आणि पाच रुपये दिले. तो गेल्यावर पणजोबा भडकले. पणजी शांतपणे म्हणाली, "खोटं असंल. पण दादाचं नाव तरी घेतलं कोनी."

बारा वर्षे झाली तेव्हा भटजींनी पालाशविधी सुचवला. देह सापडला नाही तर पळसाच्या तीनशे साठ पानांचा पुरुष करून त्याला अग्नी देतात. मग श्राद्ध करायला हरकत नाही. शास्त्राने किती विचार केला आहे, असे मला आज वाटते. ज्यांना जाळायला काही मिळाले नाही त्यांनाही त्याने हात रिकामे ठेवू दिले नाहीत. आणि पळसाला आमच्याकडे तोटा नाही. कर्जतहून खोपोलीच्या गाडीत बसले की पहिलेच स्टेशन पळसदरी. पण पणजी म्हणाली, "पानांचा मानूस मी जाळनार नाय." विधी राहिला. पितृपक्षात दादाचे पान कधी वाढले गेले नाही. १९६१ साली पणजोबा वारले आणि वारसांची नावे लागायची वेळ आली, तेव्हा पणजीने हट्टाने पहिले नाव दादाचे लावायला लावले.

ते नाव साठ वर्षे सातबाऱ्यावर राहिले. पणजी गेली, आजीचा धाकटा भाऊ गेला. त्याची मुले आता घर दुरुस्त करायला, पोरींच्या शिक्षणाला थोडी जमीन विकू पाहतात. त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही. पण पहिल्या नावाची सही कोण करणार? वकील म्हणाले, कोर्टातून त्याला मृत ठरवून घ्या. सात वर्षे ज्याची खबर नाही तो हयात आहे असे म्हणणाऱ्यानेच ते सिद्ध करायचे, असा कायदा आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात तो होता आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या कायद्यातही तसाच आहे. मात्र साक्ष आजीचीच लागणार. दादाला पाहिलेली ती एकटीच उरली आहे.

सगळ्यांनी आजीला समजावले. ती ऐकून घेई आणि म्हणे, "आयनं जे सांगितलं नाय ते मी सांगू?" नव्वदीची बाई. तिला भाच्यांचे नुकसान नको होते, आणि खोटेही बोलायचे नव्हते. भाऊ मेला असे तिने म्हटले की तिच्या लेखी त्याला मारणारी तीच होणार होती. रात्र रात्र ती जागी राही. मला तिच्या बाजूला निजायला सांगत, म्हणून मला हे ठाऊक.

तालुक्याच्या कोर्टात तिला खुर्ची दिली. विचारल्यावर ती जे बोलली ते मी मागच्या बाकावरून ऐकले. "मी आठ वरसांची व्हते. दादा पलटणीत जातो म्हनून गेला. परत आला नाय. चिठ्ठी नाय, निरोप नाय. आयनं मरंस्तवर वाट पायली, मीबी पायली. मेला म्हनून मी सांगनार नाय. मी त्याला मेलेला पायला नाय."

मला वाटले, झाले, सगळे बिघडले. आमचे वकील मात्र समाधानाने खाली बसले. नंतर त्यांनी सांगितले की कायद्याला हवे होते ते एवढेच. ज्यांना खबर मिळायला हवी होती त्यांना ती मिळाली नाही, हेच सांगायचे असते. मेला असे कुणी म्हणण्याची गरजच नव्हती. इतके दिवस ज्या वाक्याला आजी भीत होती, ते तिच्याकडून कुणी मागितलेच नव्हते! कायद्याच्या कोरड्या भाषेविषयी आपण पुष्कळ बोलतो. त्या दिवशी मला त्या भाषेत माणुसकी दिसली. वाट पाहणाऱ्यांची साक्ष ती मानते.

निकाल लागला. आजीने विचारले, "तारीख काय लिवली?" मी सांगितले की कायदा माणसाला मृत धरतो, पण तो नेमका कधी मेला हे धरत नाही. तिने थोडा विचार केला. म्हणाली, "मंग सर्वपित्रीला वाढू." त्या वर्षी भाद्रपद अमावास्येला आमच्याकडे एक पान जास्त होते. ते तिने स्वतः वाढले. घरात कोणी काही बोलले नाही.

नवा सातबारा आला तेव्हा तिने तो माझ्याकडून वाचून घेतला. गेलेल्या खातेदाराचे नाव पुसत नाहीत. त्याला कंस करतात आणि हल्ली त्यावर आडवी रेघही ओढतात. मी तिचे बोट धरून त्या ओळीवर ठेवले. "रेघंखालचं वाचता येतंय?" तिने विचारले. मी म्हटले, येते. मग तिने मला ते नाव वडलांच्या नावासकट, आडनावासकट मोठ्याने वाचायला लावले, आणि कागद घडी करून उशाखाली ठेवला.