तिसरा 'खट्'

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं ऑइल लाल असतं, कोकमाच्या आगळासारखं. त्यात पाणी शिरलं की ते गुलाबी आणि दुधाळ होतं. इथले मेकॅनिक त्याला 'स्ट्रॉबेरी मिल्कशेक' म्हणतात. कोलोरॅडोत, सिल्व्हर्टनच्या वरच्या डोंगरात, एका ओढ्याच्या काठावर मी डिपस्टिक काढली तेव्हा तिच्या टोकाला तोच रंग होता. मी ती पँटला पुसली, परत आत घातली आणि ट्रक सुरू केला.

ट्रक माझा नव्हता. डेन्व्हरमध्ये माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या काकांचा होता. १९९८ ची टोयोटा टॅकोमा, ३.४ लिटरचं व्ही-सिक्स इंजिन, फोर-व्हील ड्राइव्ह, ऑटोमॅटिक. काका मूळचे सांगलीचे, आता निवृत्त. ट्रक त्यांनी नवा घेतला होता आणि आजवर स्वतःच्या हातांनी सांभाळला होता. किल्ली देताना एवढंच म्हणाले होते, "ओढा दुपारी ओलांडू नकोस." या डोंगरांत जूनमध्ये दिवसभराच्या उन्हाने बर्फ वितळत राहतं. सकाळी गुडघ्याखाली असलेलं पाणी दुपारी मांडीपर्यंत येतं. मी सकाळी पलीकडे गेलो आणि चार वाजता परत आलो. मधोमध एका दगडावर ट्रक अडकला आणि वीस मिनिटं पाण्यात उभा राहिला.

तापलेला गिअरबॉक्स बर्फाच्या पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि मिळेल त्या फटीतून पाणी आत खेचते. आतल्या क्लच प्लेटांवर कागदासारखं अस्तर चिकटवलेलं असतं. ते पाणी पितं, मग चिकटवलेलं सुटायला लागतं. तिथूनच ट्रक उचलून नेला असता, ऑइल दोन-तीनदा बदललं असतं, तर कदाचित वाचला असता. पण उचलून न्यायचा म्हणजे काकांना फोन करणं आलं. मी ५५० किलोमीटर चालवत घरी आलो, किल्ली दिली आणि "मस्त झाली ट्रिप" म्हणालो.

नऊ दिवसांनी त्यांचा फोन आला. "तिसरा गिअर घसरतोय. रिव्हर्सही उशिरा धरतो. दोन्हीला एकच क्लच लागतो, म्हणजे तोच गेला. डिपस्टिक बघितली मी. पाणी कुठून आलं रे?"

मी ओढ्याचं सांगितलं.

"तिथं तू डिपस्टिक बघितली होतीस का?"

"हो."

"मग?"

त्या 'मग'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पैसे मी देतो, गॅरेजमध्ये टाकू, असं काहीतरी बोललो. काका म्हणाले, "पैसे तर तू देशीलच. शनिवारी ये. जुने कपडे घालून ये."

भंगारवाल्याच्या यार्डातून तशाच दुसऱ्या ट्रकचा गिअरबॉक्स आणला. ए३४०एफ. शेवटचं 'एफ' महत्त्वाचं. टू-व्हील ड्राइव्हच्या बॉक्सची शेपटी वेगळी असते, तिथे ट्रान्स्फर केस बसत नाही. फोर-व्हील ड्राइव्हचं काम दुप्पट असतं ते याचमुळे. मागे एक प्रोपेलर शाफ्ट, पुढे एक, मध्ये ट्रान्स्फर केस आणि तिचा वेगळा दांडा. शनिवारचा पूर्ण दिवस फक्त खोलण्यात गेला. हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळवायला मॅग्नेशियम क्लोराइड टाकतात. त्याने एकूण एक बोल्ट गंजून धरले होते. गिअरबॉक्स इंजिनाला जोडणारे वरचे बोल्ट तर दिसतही नाहीत. शेपटीकडून जवळजवळ मीटरभर लांब एक्स्टेन्शन वर सरकवून, आंधळ्यासारखं चाचपत सॉकेट बसवावं लागतं. पाठीवर पडून मी पाना फिरवत होतो, तोंडावर गंज पडत होता. काका स्टुलावर बसून पुढचा सॉकेट हातात देत होते. ओढ्याबद्दल ते एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी जुना बॉक्स खाली आला. वजनाने माझ्यापेक्षा जड. त्याचा तळ उघडला तर गुलाबी चिखल आणि त्यात अस्तराचे काळे तुकडे. काकांनी त्यात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं आणि मला दाखवलं.

मग त्यांनी मला त्यातले सोलेनॉइड दाखवले. गिअर बदलायला दोनच असतात. पहिला चालू, दुसरा बंद: पहिला गिअर. दोन्ही चालू: दुसरा. पहिला बंद, दुसरा चालू: तिसरा. दोन्ही बंद: चौथा. दोन बिट, चार अवस्था. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. वायर तुटली तर दोन्ही बंद, म्हणजे चौथा. गाडी रडतखडत का होईना, घरी पोचते. बिघाड होणारच हे धरून कुणीतरी हे ठरवलं होतं. "पण हे फक्त सांगणारे," काका म्हणाले. "ओढायचं काम त्या अस्तराचं." सोलेनॉइड दोन्ही शाबूत होते. आज्ञा बरोबर जात होत्या, खाली पाळायला कुणी उरलं नव्हतं.

रविवारी रेडिएटरमधला ऑइल कूलर आणि त्याच्या नळ्या धुतल्या. तिथे राहिलेला चिखल नव्या बॉक्समध्ये गेला असता तर सगळी मेहनत पाण्यात. मग टॉर्क कन्व्हर्टर. हा मोठ्या डोनटसारखा गोळा गिअरबॉक्सच्या तोंडात फिरवत फिरवत आत ढकलायचा असतो. तो तीन ठिकाणी बसतो: दोन शाफ्टांच्या खाचांवर आणि शेवटी ऑइल पंपाच्या गिअरमध्ये. प्रत्येक वेळी 'खट्' होतं आणि तो थोडा आत सरकतो. तिसरा 'खट्' न होता बॉक्स इंजिनाला आवळला, तर बोल्टच पंप फोडतात. इंजिन सुरू होण्याआधीच नवा बॉक्स भंगार.

रात्रीचे अकरा वाजले होते. सोमवारी सकाळी नऊला माझी मीटिंग होती. मी कन्व्हर्टर फिरवला. खट्. पुन्हा फिरवला. खट्. मग नुसताच फिरत राहिला. काका सिंकपाशी हात धूत होते, पाण्याच्या आवाजात त्यांना काही ऐकू येत नव्हतं.

"तीन झाले का रे?"

ऑफिसात अशा वेळी मी 'बहुतेक' म्हणतो. 'बहुतेक'वर कोड पुढे जातो, उद्या बिघडला तर उद्या मागे घेता येतो. आणि खरंच, कन्व्हर्टर बसल्यासारखा दिसत होता. गुलाबी डिपस्टिकही पुसल्यावर स्वच्छच दिसली होती.

"दोनच झाले, काका."

त्यांनी नळ बंद केला. लोखंडी पट्टी आणली, बॉक्सच्या तोंडावर आडवी धरली आणि कन्व्हर्टर किती आत आहे ते मोजलं. मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा कमी. "काढ," म्हणाले. पूर्ण बाहेर काढला, ऑइल लावलं, पुन्हा सुरुवात केली. एक. दोन. मग पाऊण तास काहीच नाही. शेवटी काकांनी तो दोन्ही हातांनी किंचित उचलला, मी फिरवला, आणि तिसरा 'खट्' झाला. इतका बारीक, की दोघंही श्वास रोखून होतो म्हणूनच ऐकू आला.

पुढच्या रविवारी सगळं जोडून झालं. ऑइल भरलं, इंजिन चालू केलं, ब्रेकवर पाय ठेवून दांडा एकेका खाचेत थांबवत सगळ्या गिअरमधून नेला. रिव्हर्स लगेच धरला. गल्लीला फेरी मारून आलो. इंजिन चालू असतानाच काकांनी डिपस्टिक काढली, पांढऱ्या फडक्याला पुसली आणि फडकं माझ्या हातात दिलं. डाग लाल होता.

तो ट्रक मी त्यानंतर मागितलेला नाही. परवा काकांनीच विचारलं, "सप्टेंबरात सिल्व्हर्टनला जाऊ या का? पाणी कमी असतं तेव्हा."

"चालवणार कोण?"

"सकाळी मी," काका म्हणाले. "दुपारी तू."