गार ट्यूब, चढलेलं पोटॅशियम

पोटॅशियम ६.४ आलं की डॉक्टरांना फोन लावण्याआधी मी ट्यूब उजेडाला धरते. सिरम गुलाबी असेल तर तांबड्या पेशी फुटल्यात. सॅम्पल परत मागवायचं, विषय संपला. पंचाईत होते ती सिरम स्वच्छ पिवळं असूनही आकडा चढलेला असतो तेव्हा. मग कलेक्शनच्या मुलाला विचारायचं, "रात्री फ्रीजमध्ये ठेवलं होतंस का रे?"

"हो मॅडम, खराब होऊ नये म्हणून."

त्याला रागावून काय उपयोग? दूध गार ठेवलं की टिकतं, मग रक्त का नाही?

तांबड्या पेशीच्या आत लिटरमागे शंभरेक मिलीमोल पोटॅशियम असतं, बाहेर प्लाझ्मात चारच्या आसपास. सोडियमचं नेमकं उलट: बाहेर १४०, आत जेमतेम दहा. दोन्ही आयन पेशीपटलातून सतत थोडे थोडे झिरपतात आणि पटलातच बसवलेला प्रथिनाचा पंप त्यांना माघारी धाडतो. तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. दर फेरीला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्ची. डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्को यांना हा पंप १९५७ मध्ये खेकड्याच्या नसांत सापडला. नोबेल मिळायला १९९७ उजाडलं. एका तांबड्या पेशीवर असे पंप काही शेच. क्लोराइड-बायकार्बोनेटची अदलाबदल करणारी बँड-३ प्रथिनं मात्र दहा लाखांच्या घरात! त्यांचं कार्बन डायऑक्साइड वाहून न्यायला मदत करण्याचं काम घाईचं, पोटॅशियमची गळती संथ. म्हणून एवढ्याशा पंपांवर भागतं.

भागतं ते उबेत. चार अंशांना पंप जवळपास बंद पडतो. झिरपणं मंदावतं, पण थांबत नाही. पेशी शाबूत, म्हणून रंगही बदलत नाही. मशीन चुकलेलं नसतं. ट्यूबमध्ये तेवढं पोटॅशियम खरंच असतं, पेशंटच्या अंगात नसतं. मे महिन्यात आणखी गंमत. तापलेल्या डिकीत पंपाला जोर चढतो आणि पहिले काही तास पोटॅशियम उलट कमीच दिसतं. ग्लुकोज संपून एटीपी आटलं की मग चढू लागतं. म्हणून आमच्याकडे सॅम्पल दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूज करून सिरम वेगळं काढायचं. त्यानंतर खुशाल फ्रीजमध्ये जाऊ दे.

रक्तपेढीला ही सोय नाही. तिथे पिशवी गारच ठेवावी लागते आणि गळती चालूच राहते. रक्त चढवल्यावर ऊब आणि ग्लुकोज मिळून पंप पुन्हा सुरू होतात, पण गेलेलं पोटॅशियम पेशीत भरून यायला दिवस लागतात. तान्ह्या बाळाचं रक्त बदलायचं असतं तेव्हा एवढी सवड नसते; रक्तपेढीवाले मागे ठेवलेली ताजी पिशवी शोधून काढतात.