मदतनीसची उमेदवारी

लहान मुलांना सांभाळण्याचे आणि शिकवण्याचे काम मुलांत राहूनच येते, हे बालशिक्षणात वावरणारा कोणीही नाकारत नाही. घोडे अडते ते त्याच्या पुढे. सुतार, शिंपी, गवंडी यांच्याकडे उमेदवारीची रीत ठरलेली असते. नवशिका जाणत्याच्या शेजारी उभा राहतो, आधी नुसते पाहतो, मग सोपे काम हातात घेतो, चुकला की तिथल्या तिथे अडवला जातो. अंगणवाडीत असे काही होत नाही. नवी सेविका रुजू झाली की त्या खोलीतली जाणती तीच. किल्ली, वजनकाटा, मोबाइल, रजिस्टरे आणि तीन ते सहा वर्षांची पोरे एकदम तिच्या हवाली होतात, आणि याला आपण कामावर शिकणे म्हणतो. मला तरी त्यात शिकण्यापेक्षा निभावणेच जास्त दिसते. गंमत अशी की उमेदवारी करण्याजोगी जागा त्याच खोलीत एकात्मिक बालविकास योजनेच्या सुरुवातीपासून, म्हणजे २ ऑक्टोबर १९७५ पासून आहे. ती जागा मदतनीसची. ती सेविकेच्या शेजारी वर्षानुवर्षे असते, सगळे पाहते, पुष्कळ करते, आणि तिच्या कामाची नोंद झाडू, पाणी, भांडी आणि मुलांना घरून बोलावून आणणे एवढ्यावर संपते. अंगणवाडीच्या प्रशिक्षणाचा विचार सेविकेच्या वर्गापासून न करता मदतनीसच्या या जागेपासून करावा, असे माझे म्हणणे आहे.

ही जागा नजरेत का येत नाही, ते आमच्या भागातल्या उदाहरणाने सांगतो. कारधा हे भंडारा शहरासमोरचे, वैनगंगेपलीकडचे गाव. पावसाळ्यात कारध्याचे नाव जिल्हाभर रोज कानावर पडते, कारण नदीची पातळी इथल्या पुलाजवळ मोजतात, २४५.५० मीटर ही धोक्याची खूण. पाणी चढू लागले की लोक एकमेकांना आधी आकडा विचारतात. अंगणवाडीतही आपण आकडेच विचारतो. मुलाचे वजन किती, उंची किती, हजेरी किती, गरम ताजा आहार किती जणांनी घेतला, घरपोच आहाराची पाकिटे कितींना गेली. मार्च २०२१ पासून हे सगळे पोषण ट्रॅकर या मोबाइल ॲपवर भरावे लागते. या मोजणीला माझी हरकत नाही. वजन घटलेले मूल वेळेवर दिसते ते काट्यामुळेच. मात्र सकाळच्या दोन तासांत त्या मुलाशी कोण किती आणि कसे बोलले, हे मोजण्याची पट्टी कोणाकडे नाही. जे मोजले जात नाही त्याची सेविकांच्या मासिक बीट बैठकीत चर्चा होत नाही, आणि ज्याची चर्चा होत नाही ते कोणी शिकवतही नाही. आमच्याकडे धानाची रोवणी लागली की बाया सकाळीच बांधीत उतरतात, आणि धाकटे पोर आजीच्या नाहीतर थोरल्या बहिणीच्या गळ्यात पडते. अशा दिवसांत अंगणवाडी चांगली असणे म्हणजे काय, हे आहाराच्या रकान्यावरून कळणार नाही.

मग या कामातले कसब नेमके कुठे असते? तीन वर्षांचे मूल पहिल्यांदा दारात येते आणि आईचा पदर सोडत नाही, तिथपासून ते सुरू होते. त्याला ओढून आत घ्यायचे, आईला गुपचूप निघून जायला सांगायचे, की आईलाच थोडा वेळ आत बसवायचे, याचा निर्णय पुस्तकात वाचता येतो. पण नेमके कोणते मूल कोणत्या क्षणी हात सोडेल हे पाहूनच कळते. आईने गुपचूप जाऊ नये, मुलाला सांगून जावे, हा नियम एका ओळीचा आहे. तो पाळताना पुढची दहा मिनिटे जे रडणे सहन करावे लागते त्याचा सराव मात्र वर्गात बसून होत नाही. एकाच खोलीत तीन वर्षांचे आणि साडेपाच वर्षांचे मूल असते. एकाला मणी ओवायला दिले की दुसरे ते तोंडात घालते. चावणारे मूल, कोपऱ्यात बसणारे मूल, सारखे सेविकेच्या मांडीवर येणारे मूल या तिघांच्या वागण्याचे कारण एकच असू शकते आणि उपाय तीन. तान्ह्या पोळ्याला घरोघरी लाकडी बैल सजतात, ते दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत आले तर आठवडाभराचा अभ्यासक्रम समोर उभा असतो. मोठा-लहान, एक-दोन-तीन, पुढे-मागे, बैलाला भूक लागली तर काय, तो हरवला तर कुठे शोधायचा, सगळे त्यात येते. पण 'हा काय आहे?' असे विचारून 'बैल' हे उत्तर आले की गप्प बसायचे, की 'तुझा बैल आज कुठून आला?' असे विचारून मुलाला बोलते ठेवायचे, हा फरक कानाला सवय झाल्याशिवाय उमगत नाही. प्रश्न विचारून थांबणे तर त्याहून अवघड. मूल शब्द शोधत असते तेवढ्या काळात बहुतेक मोठी माणसे स्वतःच उत्तर देऊन मोकळी होतात. आणि आमच्या झाडीपट्टीतले मूल घरची बोली घेऊन येते. त्याचा उच्चार दर वाक्याला दुरुस्त केला की ते बोलायचेच थांबते. गावातल्या बाईला ही बोली शिकवावी लागत नाही, आणि शहरातून आलेला प्रशिक्षक नेमका इथेच अडखळतो. सेविका आणि मदतनीस गावातलीच असावी हा नियम प्रशासनाने बहुधा सोयीसाठी केला असेल. बालशिक्षणाच्या दृष्टीने मात्र तो फार शहाणपणाचा आहे.

हे शिक्षण कसे घडते याचा दाखला महाराष्ट्राला बाहेरून आणायला नको. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या, नूतन बालशिक्षण संघ १९२६ मध्ये उभा राहिला, आणि १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तिथे आल्या तेव्हा त्या काही नवख्या शिक्षिका नव्हत्या. पुण्याच्या हुजूरपागेत त्यांनी अनेक वर्षे शिकवले होते. तरी अक्षरओळख नसलेल्या तीन वर्षांच्या मुलाशी वागणे त्या ताराबाईंच्या शेजारी राहूनच शिकल्या. आदिवासी मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत हे दिसल्यावर बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली, आणि अंगणवाडी ही कल्पना या खटाटोपातून आली. पुढे १९५७ पासून कोसबादच्या टेकडीवर काम वाढले. तिथल्या प्रशिक्षणात मला सर्वांत मोलाची वाटते ती एकच गोष्ट: शिकणाऱ्या बायका आणि मुले एकाच आवारात होती. सकाळी जे पाहिले त्यावर दुपारी बोलता येत होते, आणि दुपारी जे ठरले ते दुसऱ्या सकाळी करून पाहता येत होते. शंख, शिंपले, बिया, खडे ही साधने तिथे काटकसर म्हणून आली खरी, पण साधन महाग नसले की नवशिक्या हातांना भीती वाटत नाही, हाही त्याचा फायदा झाला असणार.

सरकारी योजनेने कोसबादकडून नाव घेतले, साधने थोडीफार घेतली. शेजारी राहून शिकण्याची रीत मात्र मागे राहिली. सेविकेसाठी २६ दिवसांचे निवासी प्रशिक्षण आणि मदतनीससाठी ८ दिवसांचे, अशी वाटणी बरीच वर्षे होती. ती देणारी अंगणवाडी प्रशिक्षण केंद्रे २०१७ च्या अखेरीस केंद्राने बंद केली. त्या जागी बीटपातळीवर दरमहा थोडे थोडे शिकवण्याची पद्धत आली. ही कल्पना मुळात चांगली, पण ज्या बैठकीत माहितीही गोळा करायची आणि शिकायचेही, तिथे माहितीच जिंकते. मे २०२३ मध्ये 'पोषण भी पढाई भी' हा केंद्राचा कार्यक्रम जाहीर झाला आणि सेविकांना तीन दिवसांचे प्रशिक्षण मिळाले. त्याआधी २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेलीला एक वर्षाची पदविका सुचवली, तीही नोकरी चालू असताना, मोबाइल किंवा दूरचित्रवाणीवरून. एवढ्या सगळ्या योजनांत मदतनीस कुठेतरी तळटीपेत आहे.

ती तळटीपेत राहिल्याने काय हरवते, याचा चांगला पुरावा तमिळनाडूतून आला आहे. अर्थशास्त्रज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी ३२० अंगणवाड्या अभ्यासाला घेतल्या, आणि त्यातल्या निम्म्या अंगणवाड्यांत मुलांना शिकवण्यासाठी एक जादा अर्धवेळ कार्यकर्ती नेमली गेली. ती गावातलीच बाई होती आणि तिचे सुरुवातीचे प्रशिक्षण जेमतेम आठवड्याचे होते. मुलांना शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, दीड वर्षात भाषा आणि गणितात मुले स्पष्टपणे पुढे गेली, आणि मूळ सेविकेला पोषण-आरोग्याच्या कामाला जास्त वेळ मिळाल्याने कुपोषणही घटले. जमैकाचा दाखला याहून जुना आहे. किंग्स्टनमध्ये १९८० च्या दशकात आरोग्य सेविका खुरटलेल्या मुलांच्या घरी दर आठवड्याला जाऊन आईसमोर मुलाशी खेळत. दोन वर्षे हे चालले, आणि वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई तशाच इतर मुलांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त आढळली. दोन्हीकडच्या बाया पदवीधर बालशिक्षणतज्ज्ञ नव्हत्या. त्यांना ठरलेले काम होते, त्या कामासाठी राखून ठेवलेला वेळ होता, आणि त्यांचे काम बघायला कोणीतरी येत होते.

यावर पहिला आक्षेप वजनदार आहे. शेजारी राहून शिकायचे तर जे शेजारी असेल तेच शिकले जाणार. सेविका दिवसभर 'अ अननसाचा' घोकून घेत असेल, हातात छडी ठेवत असेल, तर मदतनीस तेच उचलेल आणि चूक पिढीजात होईल. हे खरे आहे, आणि म्हणूनच उमेदवारी एकटी पुरत नाही. तिला बाहेरचा डोळा लागतो. तो डोळा मुख्यसेविकेचा, म्हणजे अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या पर्यवेक्षिकेचा असायला हवा. पण एका मुख्यसेविकेकडे इतक्या अंगणवाड्या असतात की तिची भेट रजिस्टरवर सही करण्यात संपते. त्या भेटीतला निम्मा वेळ तरी रजिस्टर न उघडता मुलांत बसून घालवायचा आणि निघण्यापूर्वी सेविका-मदतनीस दोघींना एकच गोष्ट सांगून जायची, एवढा बदल करायला नवा निधी लागत नाही. वाईट सवय वर्गातल्या व्याख्यानाने जाते, असा अनुभव तर कोणाचाच नाही.

दुसरा आक्षेप मला कर्मचारी संघटनेच्या बाजूचा वाटतो आणि तो रास्तही आहे: उमेदवारी हे नाव देऊन कमी मोबदल्यात जास्त काम करून घेण्याचा हा डाव ठरेल. महाराष्ट्रात २०२४ च्या वाढीनंतर सेविकेचे मानधन १३,००० आणि मदतनीसचे ७,५०० रुपये झाले. सेविका-मदतनिसांचा डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ चा प्रदीर्घ संप कशासाठी झाला हे ज्यांना माहीत आहे, ते कोणत्याही गोड नावाकडे संशयाने पाहतील आणि त्यांनी तसे पाहावेही. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या बायांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असे सांगितले, तेव्हा त्या स्वयंसेवक आहेत हे जुने म्हणणे निदान कायद्यात तरी लंगडे पडले. म्हणून शिकवण्याचे काम मदतनीसकडे द्यायचे तर त्याचा पैसा वेगळा दिला पाहिजे आणि त्या काळाची नोंद तिच्या नावावर झाली पाहिजे. दार आधीच किलकिले आहे. २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सेविकांची निम्मी पदे पाच वर्षे काम केलेल्या मदतनिसांतून भरायची आहेत. म्हणजे सरकारच कबूल करते की उद्याची सेविका आज तिथेच आहे. त्या पाच वर्षांत तिने काय शिकावे याचा मात्र कागद नाही. शिवाय मदतनीससाठीही महाराष्ट्रात आता बारावीची अट आहे, तेव्हा तिला वाचता येत नाही ही सबबही नव्या भरतीपुरती तरी उरली नाही.

मग भांडी कोण घासणार, हा तिसरा प्रश्न विचारताना लोक हसतात, पण तोच खरा व्यवहाराचा आहे. जिथे बचत गट शिजवलेला आहार आणून देतो तिथे मदतनीसचा सकाळचा तासभर सहज मोकळा होऊ शकतो. जिथे चूल अंगणवाडीतच आहे तिथे नाही. तिथे निदान पहिला अर्धा तास चूल पेटवू नये, मुले आल्यावर दोघींनी गटात बसावे, एवढे तरी ठरवता येते. सेविकेने पाच वर्षांच्या मुलांचा गट घ्यावा, मदतनीसने तीन वर्षांच्यांचा, आणि आठवड्यातून एकदा अदलाबदल करावी. पदवीधर शिक्षिका नेमा म्हणणाऱ्यांना माझे उत्तर एवढेच की नेमा, जरूर नेमा; पण राज्यातल्या लाखाहून जास्त अंगणवाड्यांना त्या मिळेपर्यंत आजची तीन वर्षांची मुले दहावीला गेलेली असतील.

तेव्हा कारध्याच्या आणि आसपासच्या गावांतल्या पालकांना एक विनंती. पुढच्या ग्रामसभेत अंगणवाडीचा विषय निघाला की खोली, पंखा, पाण्याची टाकी यांच्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारा. सकाळी पहिला तास मदतनीस मुलांत बसते का, आणि गेल्या सहा महिन्यांत तिचे काम पाहायला कोण आले होते?