काळी अक्षरे

टेक्सासला मुलाकडे गेलो असताना एका रविवारी चिरंजीवांनी आपल्या फोर्ड पिकअप ट्रकवरील ‘एफ-१५०’ ही क्रोमची चकचकीत अक्षरे काळी करावयास घेतली. बडोद्यास आमच्या जुन्या फियाटवरील क्रोम मी दर रविवारी फलालीनने पुसत असे. चमक घालविण्यासाठी पैसे खर्चणारा पुत्र माझ्याच पोटी यावा!

“बाबा, हल्ली काळेच शोभते.”

क्रोमवर साधा रंग नीट धरत नाही, पोपडे निघतात. म्हणून त्याने रबरासारखा रंग आणला होता. अक्षरे स्पिरिटने पुसून त्यावर पातळ हात फवारावयाचे, मध्ये वाळू द्यावयाचे, पुन्हा फवारावयाचे. तुषार इतरत्र उडू नयेत म्हणून पुठ्ठा धरण्याचे काम माझ्याकडे आले.

रंगाचा वास आला आणि डिसेंबर १९७१ आठवला. ब्लॅकआउट होता. वडील स्कूटरच्या दिव्याची वरची अर्धी काच काळी करीत होते. डबा माझ्या हाती होता. थोरले बंधू आघाडीवर होते. १७ डिसेंबरला पश्चिमेकडे युद्धविराम झाला. गल्लीतल्या साऱ्यांनी आपापले दिवे खरवडले. वडिलांनी मात्र बंधूंचे पत्र हाती पडेपर्यंत काचेला हात लावू दिला नाही. पुढे ब्लेडने रंग काढला, त्याचे ओरखडे स्कूटर विकेपर्यंत तसेच होते.

“हा रंग नको झाला तर सालीसारखा सोलून निघतो,” मुलगा सांगत होता. मग म्हणाला, “बाबा, हात हलवू नका.”