अनुभव कुठून आणायचा, भाऊ?

मुलाखतीत साहेबांनी टेबलावर केबलचा तुकडा, दोन कनेक्टर आणि क्रिम्पिंग टूल ठेवलं. म्हणाले, "करून दाखव."

आठ तारांचा क्रम मला तोंडपाठ होता. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा... झोपेतून उठवलं असतं तरी सांगितला असता. पण कनेक्टर हातात धरायची ती पहिलीच वेळ. तारा सरळच होईनात. शेवटी टेस्टर लावला तर तिसरा दिवा पेटलाच नाही. साहेब ओरडले नाहीत. "फ्रेशर चालतो, पण हात चाललेला पाहिजे," एवढंच म्हणाले. संध्याकाळच्या एसटीने उमरेड, भिवापूर, नागभीड करत सिंदेवाहीला परत.

तोवर मी डिप्लोमा केला होता, नागपुरात क्लास लावून सीसीएनएची तयारीही केली होती. परीक्षेची फी ३०० डॉलर, ती घरी सांगायची हिंमत झाली नव्हती. सराव सगळा सिस्कोच्या पॅकेट ट्रेसरवर. ते फुकट मिळतं, राऊटर-स्विच स्क्रीनवरच जोडता येतात. त्याला नावं ठेवणार नाही, व्हीलॅन अन् राऊटिंग मी त्यावरच शिकलो. फक्त त्यात उंदीर केबल कुरतडत नाही.

खरे उंदीर भेटले ते एका राईस मिलमध्ये. ओळखीच्या काकांचे कॅमेरे बंद पडले होते. "तू तं कॉम्प्युटर शिकला ना बाबू, पाय ना जरा." पाहिलं. केबल कुरतडलेली, स्विचमध्ये कोंड्याचा थर, दोन पोर्ट विजेच्या कडकडाटात जळलेले. आठ दिवस लागले. पन्नासेक कनेक्टर वाया घालवले, त्याचे पैसे काकांनी मागितले नाहीत. मग दुसरी मिल, एक कृषी केंद्र, एक लॉज. बर्डीवरून जुना मॅनेज्ड स्विच आणला, त्यावर घरीच उलटसुलट करत बसायचो.

पुढच्या मुलाखतीत विचारलं, "लिंक सारखी ये-जा करते, आधी काय बघशील?" मी म्हटलं, "केबल. मग पोर्टवरचे एरर. कॉन्फिगरेशनला हात शेवटी." नोकरी लागली. रात्रपाळीची, पगार बेताचा, पण लागली.

आता हे सगळं आज कशासाठी लिहितोय ते सांगतो. मला मिलवाले काका भेटले, हे नशीब. आपल्या तालुक्यातल्या बाकी पोरांनी काय करायचं? शिकायचं साधन इथेच पडलंय.

ग्रामपंचायतींना फायबरने जोडायची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली, तीच पुढे भारतनेट झाली. कितीतरी कार्यालयांत तो डबा भिंतीवर आहे. मी पाहिलेल्यांपैकी काहींचा दिवा बंद, एकावर तर कॅलेंडर टांगलेलं. जुनी जोडणी बहुतेक सरळ रेषेत. रस्त्याच्या कामात जेसीबीने एका जागी फायबर तोडला की त्यापुढची सगळी गावं अंधारात. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. त्यात ही जोडणी रिंगमध्ये करायची आहे, म्हणजे एका बाजूने तुटलं तरी दुसऱ्या बाजूने फिरून चालू. चांगलंच आहे. पण तुटलेला फायबर सांधायला, बॅटरी बदलायला, डब्यात सिग्नल येतो का ते मोजायला माणूस लागतोच. तो दर वेळी बाहेरूनच यायला पाहिजे का?

२०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,००० महिना. माझा चुलतभाऊ त्यात एका कार्यालयात होता. पूर्ण मुदत झेरॉक्स काढली अन् टपाल वाटलं. प्रमाणपत्रावर 'प्रशिक्षण' लिहून मिळालं. उद्या कोणी त्याच्यासमोर क्रिम्पिंग टूल ठेवलं तर त्याचंही माझ्यासारखंच होणार.

अशा पोरांपैकी दोघा-तिघांना फायबर दुरुस्तीच्या माणसासोबत पाठवा. जोडकाम बघू द्या, मग करू द्या. वर्षभरात तालुक्याला माणसं मिळतील अन् पोरांना दाखवायला काम.

असा अर्ज मी लिहिला आहे. गटविकास अधिकारी साहेबांना देणार, ग्रामसभेतही वाचणार. तुमच्या पंचायतीतल्या डब्याचा दिवा चालू आहे की बंद, एवढं बघून कळवा. गावांची यादी अर्जासोबत जोडायची आहे.